प्रश्न पूर्ण होईपर्यंत

"थांब मावशी, शेजारच्यांचा कुकर वाजला मध्येच." भाचीने कानांवरचे हेडफोन काढले. "पुन्हा पहिल्यापासून घेऊ."

मावशीने कुरकुर न करता पुन्हा वाचायला सुरुवात केली. दोघी अडगळीच्या खोलीत गाद्यांच्या चळतीला टेकून बसल्या होत्या. गाद्यांमुळे आवाज घुमत नाही, असं भाचीचं म्हणणं.

मावशीची उभी हयात बसस्थानकावर घोषणा करण्यात गेली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, हे ती टपोऱ्या शब्दांत सांगायची आणि माणसं लगेच खिडकीशी येऊन तेच विचारायची. पुढे तिथे यंत्र बसलं आणि मावशी घरी बसली.

भाची शाळेत शिकवायची. प्रश्नमंजूषेच्या स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांसाठी तिने एक वेबसाइट काढली होती, सरावाच्या प्रश्नांची. पण स्पर्धेत प्रश्न वाचून दाखवतात आणि उत्तर सुचताक्षणी बझर दाबायचा असतो. नुसतं डोळ्यांनी वाचून तो सराव कसा व्हायचा? आवाज हवा होता, आणि तो घरातच रिकामा होता.

मावशीने या कामात जीव ओतला. अवघड नावं आधी घोळवून घ्यायची. प्रश्नाचा शेवट तर तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसा अलगद उतरवायची.

"शेवटासाठी कशाला एवढा जीव काढतेस?" एकदा भाची सहज बोलून गेली. "तिथवर कुणी ऐकतच नाही. पोरं अर्ध्यातच बझर दाबतात."

मावशीचं तोंड एवढंसं झालं. "मग यंत्राकडूनच घे की वाचून. त्याला बापड्याला वाईट वाटत नाही."

भाचीने जीभ चावली, पण शब्द गेला तो गेलाच. मावशी त्या खोलीकडे फिरकेना. शेवटी स्पर्धेच्या दिवशी भाचीने तिला जवळजवळ ओढतच नेलं.

सभागृहात प्रश्न वाचणारे गृहस्थ भलतेच घाईत होते. "याची काय गाडी सुटतेय का?" मावशी पुटपुटली. तेवढ्यात एका चष्मेवाल्या मुलीने प्रश्न तोडून बझर दाबला. "युरेनस!" उत्तर चुकलं. तिच्या बाकावर अशी हळहळ उसळली की पलीकडच्या संघासाठी वाचलेला प्रश्नाचा उरलेला भाग तिच्यापुरता त्यातच बुडाला. पलीकडच्या संघाने बरोबर उत्तर दिलं आणि चष्मेवालीचा संघ बाहेर पडला.

मधल्या सुट्टीत ती मुलगी नळापाशी तोंड धूत उभी होती. डोळे लाल झाले होते.

"आधी पाणी पी, बाळ. मग रड हवं तर," मावशी म्हणाली.

मुलीने चटकन मान वर केली. "तुम्ही... प्रश्नवाल्या मावशी? वेबसाइटवरच्या? मी रोज तुम्हालाच ऐकते!"

"ऐकतेस कसली! मध्येच तोडतेस."

मुलगी ओशाळली. "ते करावंच लागतं हो. पण नंतर परत लावून पूर्ण ऐकते. चुकलं की दोनदा ऐकते. तुमचा शेवट ऐकला की कुठे घसरले ते कळतं." ती जरा घुटमळली. "आत्ताचा प्रश्न मला पूर्ण ऐकूच आला नाही. तुम्ही सांगाल?"

मावशीला तो शब्दन् शब्द आठवत होता. तिने पाठ ताठ केली.

"बहुतेक ग्रहांच्या उलट दिशेने स्वतःभोवती फिरणारा..."

इथेच मुलगी घसरली होती. आता मात्र ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

"...आणि पहाटे किंवा संध्याकाळी, नुसत्या डोळ्यांनीही लखलखीत दिसणारा ग्रह कोणता?"

शेवटचा शब्द पुरता विरेपर्यंत मुलगी गप्प होती.

"शुक्र," ती हळूच म्हणाली आणि नाक पुसत हसली.

तिच्या संघातली बाकीची पोरं एव्हाना जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन टेकली होती. भाची मागे भिंतीला पाठ लावून उभी होती.

"मावशी, अजून एक?" पायरीवरून कुणीतरी विचारलं.

मावशीने घसा खाकरला.