उन्हातून आलेली गाडी

गहिनीनाथनं डागावर नख टेकवलं आणि तसंच उचलून घेतलं. खरवडलं तर रंग जायचा, नाही खरवडलं तर नोकरी.

"ह्ये काय करून ठेवलं, तात्या?" राधाकृष्ण ड्रायव्हर दबक्या आवाजात म्हणाला. "गाडीला देवी आल्यात जनू! उद्या नगरहून पाव्हनं आनायचेत. मालकाच्या ताईला बघायला येनारेत ती मानसं. ह्यात बसवू त्यास्नी?"

"धुतली फकस्त."

"कुठल्या पान्यानं?"

"हिरीच्या. दुसरं हाय कुठं?"

राधाकृष्णानं कपाळाला हात लावला. काळ्याभोर अँबॅसडरच्या बॉनेटवर, टपावर, दारांवर पांढरे ठिपके उठले होते. ओल्या फडक्यानं ते दिसेनासे होत आणि वाळलं की पुन्हा वर येत. रॉकेल लावून झालं. काही उपयोग नाही.

"मालक चारला उठतील," राधाकृष्ण म्हणाला. "मी धुतली न्हाई म्हनून सांगनार, बरं का. आदीच सांगून ठेवतो."

गहिनीनाथनं घराच्या बंद दाराकडे पाहिलं. आत काकासाहेब जेवून झोपले होते.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. तिसगावच्या विहिरी तळाला गेलेल्या, उरलं ते पाणी खारं. पिण्याचं पाणी तिसऱ्या दिवशी टँकरनं यायचं, घरटी मोजून. गहिनीनाथ बावीस वर्षं काकासाहेबांच्या बैलांमागं सालगडी होता. पण वैरण संपली आणि मार्गशीर्षात त्यानंच बैल घोडेगावच्या बाजाराला नेले. शेवटची जोडी चांद्या आणि हौशाची. चांद्याच्या काळ्या कपाळावर मधोमध पांढरा ठिपका होता. गहिनीनाथ परत आला तेव्हा खांद्यावर नुसते कासरे होते. काकासाहेब म्हणाले, "आता गाडी पुशीत जा." दुसरे दोन गडी केव्हाच दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते. गहिनीनाथला तिथं जायचं भय स्वतःसाठी नव्हतं. बायकोचं, रंगुबाईचं, भय होतं. तिला दम्याचा खोकला. खडीची धूळ तिला एक महिनाही जगू देणार नव्हती. अन् गोठ्यामागची खोलीही गडीपणाबरोबरच जाणार होती.

आज दुपारी गाडी नगरहून आली ती तव्यासारखी तापलेली. त्याला कणव आली. त्यानं दोन बादल्या पाणी ओतलं. चर्र झालं. भलं केलं असं वाटून तो भाकरीला गेला. तेवढ्यात उन्हानं पाणी पिऊन टाकलं आणि खार तेवढा मागं ठेवला.

उन्हातून आलेल्या बैलाला आधी सावली, मग वारा, मग पाणी. हे त्यानं जन्मात चुकवलं नव्हतं. लोखंडाला काय कळतंय, असं वाटलं. तिथंच घात झाला.

रंगुबाई पदरानं तोंड दाबत आली. खोकला आत ऐकू जायला नको होता. तिनं वाकून पाहिलं.

"अवो, हंड्यावर असाच थर बसतो न्हवं? चिंचंनं निघतो की."

"हंडा तांब्याचा हाय. ह्यो रंग हाय."

"मंग दिसनार न्हाई तिथं आदी लावून बघा."

तिघांनी आवाज न करता गाडी लोटत लिंबाखाली नेली. पत्रा गार होईपर्यंत थांबले. रंगुबाईनं चिंच कोळून फडक्यानं गाळली आणि सवयीनं चुलीची राख घ्यायला हात घातला. गहिनीनाथनं तिचं मनगटच धरलं.

"राख नगं! चरं पडतील."

मागच्या दाराच्या खाली, चिखल उडतो तिथं, त्यानं चिंचेचं पाणी लावलं. वाट पाहिली. पुसलं. ठिपका गेला, खाली रंग शाबूत.

"निघतंय की!" राधाकृष्ण म्हणाला आणि आपणच बाह्या सारल्या.

पण धुवायचं कशानं? खाऱ्या पाण्यानं पुन्हा तेच. रंगुबाई खोलीत गेली आणि पिण्याची घागर घेऊन आली. टँकर परवा होता.

"अगं, आनि प्यायला?"

"शेजारी मागू तांब्याभर. पुसा तुमी."

गहिनीनाथनं आपला जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला पटका फाडला. एकजण लावी, दुसरा तांब्यानं धुई, तिसरा लगेच कोरडं करी. टप झाला. दारं झाली. आत कपबशा वाजल्या. बॉनेट होत आलं. मधोमध एक ठिपका मात्र हलेना, बोराएवढा. खार रंगात उतरला होता. गहिनीनाथ चौथ्यांदा चिंच लावू लागला.

"पुरं," रंगुबाई म्हणाली. "जखम हुईल त्याला."

कडी वाजली.

काकासाहेब धोतर सावरत आले. गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटपाशी थांबले. राधाकृष्ण जमिनीकडे बघू लागला.

"ह्ये काय?"

गहिनीनाथ पुढं झाला. "चुकलं, मालक. उन्हातनं आली आन् तसंच पानी मारलं. खारं."

"बैलावर मारलं असतंस?"

"न्हाई."

काकासाहेबांनी ठिपक्यावर अंगठा फिरवला, नाकाशी नेला. "चिंच?"

"व्हय."

त्यांची नजर आडव्या पडलेल्या रिकाम्या घागरीवर गेली. मग पुन्हा ठिपक्यावर. बराच वेळ.

"चांद्याला हितंच हुतं," ते हळूच म्हणाले आणि आत गेले.

ही माफी होती की निरोप, गहिनीनाथला उमगेना. विचारायची छाती झाली नाही. सकाळी राधाकृष्ण गाडी घेऊन गेला. रंगुबाईनं दोन लुगडी आणि तवा बोचक्यात बांधून दाराशी ठेवला. ऐनवेळी धांदल नको म्हणाली. गहिनीनाथ बोचक्याकडे पाठ करून बसला.

दुपारी धूळ उडवत गाडी आली. पाहुणे उतरले. काकासाहेब त्यांना घेऊन ओटा चढता चढता मागं न बघताच म्हणाले,

"राधाकृष्णा, गाडी गहिनीनाथाच्या ताब्यात दे. ती त्याची हाय."

रंगुबाई दारात उभी होती. ती खाली बसली आणि बोचक्याची गाठ सोडू लागली.

"तात्या, मारा पानी," राधाकृष्ण हसत म्हणाला.

"थांब की लेका. आदी सावली."

गाडी लिंबाखाली आली. आत इंजिन थांबून थांबून टिकटिकत होतं. गहिनीनाथनं बॉनेटच्या मधोमध, त्या ठिपक्यावर तळहात ठेवला. चटका बसला. पत्रा निवेपर्यंत त्यानं हात उचलला नाही.