आजोबांची उड्डाणवही

अशी कल्पना कर, बाळा. तुझे आजोबा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमध्ये इंजिन सांभाळत बर्फाळ डोंगरांवर जायचे, पण त्यांची दोन पदकं सरकारी नोंदीत चढलीच नाहीत. आष्ट्याच्या नाथाजींचं असंच झालं होतं. तीन वर्षं अर्ज करून आज पुन्हा तेच उत्तर आलं: पुरावा म्हणून जोडलेलं उड्डाणवहीचं पान वाचता येत नाही, स्पष्ट प्रत पाठवा.

"कसं वाचता यील?" नाथाजी बायकोवर वैतागले. "दर खंडेनवमीला माझी वही पुजतीस आन् पान कुंकवानं माखतीस!"

"आवं, घरात दुसरं हत्यार हाय का? मग पुजू काय, लाटणं?" राहीबाई म्हणाल्या.

"पूज की, पण वरच्या पुठ्ठ्याला!"

"देवाम्होरं बंद वही ठेवू व्हय?"

नाथाजींनी कपाळाला हात लावला. नात शिवांजलीनं ते पान उलटून बोट फिरवलं. पेन दाबून लिहिल्यामुळं मागं आकडे उलटे उठले होते. तिनं भिंतीवरचा आरसा काढून पानासमोर धरला आणि पहिल्या उड्डाणाची तारीख मोठ्यानं वाचली.