दीड इंचाचा चमत्कार

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. कमरेचे पट्टे, मानेचे पट्टे, काठ्या, वॉकर. साऱ्या जगाची पाठदुखी जणू तिथेच मुक्कामाला आली होती. मंचावर मणकेबाबा गरजत होते, "डॉक्टर हाड कापतो, मी हाडाची समजूत घालतो! मणका दबत नाही, रुसतो! एका फुंकरीत उघडतो. विश्वास नसेल तर टेप लावून बघा!"

टेप खरंच लावला जात होता. फुंकरीआधी एकदा, नंतर एकदा. प्रत्येक पाठ इंच-दीड इंचाने वाढे आणि टाळ्यांचा कडकडाट होई. अट एकच: कोणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर त्याने इथूनच फोन करून ते रद्द करायचं.

रांगेत बायकोसोबत बसलेल्या टेलरमास्तरांचं ऑपरेशन गुरुवारी होतं. छातीमागच्या मणक्यांतली चकती सरकून मज्जारज्जूवर दाबत होती. पाठीत आठही प्रहर खिळा ठोकल्यासारखं दुखे. हल्ली तर मशीनच्या पायडलवर पाय आहे की नाही, हे खाली बघितल्याशिवाय कळत नसे. सर्जनबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. "दुखणं जाईल असं मी म्हणत नाही. पाय आहेत तेवढे टिकावेत म्हणून करायचं. त्यातही पाय जाण्याचा धोका आहेच."

तेव्हापासून बायकोने बाबांचा धोशा लावला होता.

मास्तर मंचावर चढले. बाबांनी मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत टेप धरला. "ताठ उभे राहा. साडेसतरा!" मग फुंकर, पुटपुटणं. "आता हात गुडघ्यांवर, मान खाली, शरण या! एकोणीस!"

कळ होती तशीच होती. पण खाली बायको डोळे पुसत हसत होती, कित्येक महिन्यांनी. तिने फोन पुढे केला.

मास्तरांनी तो घेतला नाही. हा दीड इंच त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. "साहेब, वाकू नका, कोट लांब होईल," हे त्यांनी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. गप्प बसावं, असं त्यांना फार वाटलं. पण तोंडून दुकानातला सवयीचा हुकूम निघाला, आणि भर सभेत बाबांनाही नाही म्हणता आलं नाही.

"बाबा, टेप द्या जरा. आता तुम्ही ताठ उभे राहा. अठरा. वाका. वीस. तुमच्यावर कोणी फुंकर मारली?"

"खाली उतरवा त्याला!" मागून कोणी ओरडलं. "लोकांचं भलं झालेलं बघवत नाही!"

"अहो, बरं व्हायचं मलाही आहे," मास्तर म्हणाले. "पण वाकलं की पाठ ताणते, माप वाढतं. मणका जागच्या जागीच असतो. शर्ट शिवून घेताना माप दोनदा तपासता ना? मग पाठीच्या बाबतीतही तपासा, दोन्ही वेळा ताठ उभं राहून. दुखण्यावर औषध माझ्याकडेही नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. पुढचा माणूस मंचावर चढलासुद्धा.

दाराशी बायको म्हणाली, "गप्प बसला असतात तर चार दिवस तरी सुखाचे गेले असते हो."

"गेले असते," मास्तर म्हणाले. त्यांनाही रडू येत होतं.

आत पुन्हा टाळ्या झाल्या. मास्तर खाली बघत, एकेका पायरीवर पाय टेकल्याची खात्री करत उतरू लागले. बायकोने त्यांचा दंड धरला.

"गुरुवारी किती वाजता बोलावलंय?"

"सातला. उपाशीपोटी."