गोड्या पाण्याची मोटर

इंद्रभानानं एका जागी बसून पुरतं जेवण केलेलं कौशल्याबाईनं चौदा वर्षांच्या संसारात पाहिलं नव्हतं. भाकरीचा एक तुकडा मोडला की उठून तो दारातून मळ्याकडे नजर टाकून येई, दुसरा मोडला की बैलांकडे. असा माणूस नेमका पानाच्या धंद्यात पडला. नागवेलीचं पान वेलीवरून खुडलं की सुकायला लागतं, आणि पान सुकायला लागलं की इंद्रभान जागेवर ठरत नसे.

त्यांचं सायखेड संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. पाणी गोड, पानमळा हिरवागार. अडचण एकच, नांदुऱ्याचं स्टेशन लांब. बैलगाडीनं पान न्यायचं तर आदल्या दिवशी खुडावं लागे आणि पोचेपर्यंत कडा पिवळ्या पडत. नांदुऱ्याचे अडते वामनराव चार वाजताच्या गाडीनं पान वरच्या मुलखात पाठवत. त्यांनी एकदा स्पष्टच सांगितलं, "ओळीनं तीन मंगळवार त्या दिवशीचं खुडलेलं पान चारच्या गाडीला आणून द्या. तुमचा अख्खा मळा वर्षभर माझ्याकडे. नाही जमलं तर मी दुसरा मळा बघतो."

झालं! इंद्रभानाच्या डोक्यात मोटर शिरली.

दुसरं महायुद्ध संपून दीड-दोन वर्षं झाली होती. लष्करानं वापरलेल्या, सावकारांना नकोशा झालेल्या जुन्या मोटरी जागोजाग विकायला उभ्या होत्या. पेट्रोल कुपनावर मिळे, पण मिळे. इंद्रभान तीन महिने मोटरी बघत हिंडला. कुणी सांगितलं टायर बघ, त्यानं टायर बघितले. कुणी सांगितलं स्प्रिंगचे पाटे मोज, त्यानं पाटे मोजले. कुणी सांगितलं मोटरीखाली निजून बघ, तर तो असा निजला की मालकाला वाटलं, पाहुण्याचा डोळा लागला.

पूर्णेकाठच्या एका गावी एका कापडवाल्याची निळी डब्याची मोटर त्याला भारी आवडली. रंग ताजा, गादीला नवा अभ्रा. कौशल्याबाई त्या दिवशी बरोबर होती. पानाच्या करंड्या डब्यात कशा बसतील ते तिलाच कळणार, कारण करंड्या भरायचं काम तिचं. तिनं डबा पाहिला आणि मग पुढं जाऊन रेडिएटरच्या तोंडात बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारं हाये," ती म्हणाली.

"अवो, मोटर पाहून राह्यलो आपन, कढी नाई!" इंद्रभान म्हणाला, आणि भोवतालची चार माणसं खो खो हसली.

कौशल्याबाई हसली नाही. तिचं माहेर खारपाणपट्ट्यातलं, तिथं विहिरीचं पाणीही खारट. "आमच्या गावी लोखंडी बादलीची दोन वर्सात चाळनी होते," ती म्हणाली. "हेच्या पोटात काय झालं असन, ते इचारा यायले." कापडवाल्याचा चेहरा उतरला. रेडिएटरला तीनदा डाग दिल्याचं त्यानं कबूल केलं.

शेवटी मलकापूरच्या शालिग्राम मिस्त्रीकडे एक मोटर मिळाली. रंग शेणासारखा, एक दिवा तिरळा, डाव्या बाजूचं दार तारेनं बांधलेलं. पण इंजिन एका हँडलात बोललं आणि रेडिएटरचं पाणी कौशल्याबाईच्या जिभेला पसंत पडलं. शालिग्रामनं किल्ली हातात देताना बजावलं, "एक गोठ ध्यानात ठेवा. हिले गोडंच पानी पाजा. खारं पाजसान तं आतून खाऊन टाकन."

मिस्त्री बोलला एक वाक्य, इंद्रभानानं घेतलं व्रत. रोज सकाळी विहिरीचं पाणी धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून तो मोटरीला पाजू लागला. रॉकेलचे दोन रिकामे डबे घासूनपुसून घेतले, एकात मोटरीचं पाणी, दुसऱ्यात पानावर शिंपडायचं. मोटरीच्या डब्यावर चुन्याचा पट्टा ओढला आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम सोडला. आता तो जेवणावरून उठे तो मोटरीकडे. तेलाची काडी काढून बघे, पंख्याचा पट्टा दाबून बघे, परत येऊन भाजी थंड झाली म्हणून कुरकुर करी.

"माह्या पोराईले कधी असं गाळून पाजलं नाई तुमी," कौशल्याबाई म्हणायची.

"पोरं काय मलकापूरहून आनली का?" तो म्हणायचा आणि पुन्हा उठायचा.

दोन मंगळवार झक्क पार पडले. तिसरा मंगळवार वैशाखातला. पहाटे खुडलेलं पान, केळीच्या ओल्या सोपटांत बांधलेल्या बारा करंड्या, पुढं इंद्रभान आणि शेजारी कौशल्याबाई. सकाळी नऊलाच ऊन मी म्हणत होतं. पूर्णेच्या कोरड्या पात्रात मोटर उतरली आणि वर चढताना धापा टाकायला लागली. इंद्रभानानं पट्ट्याचा डबा सगळा तिच्यात रिकामा केला. पाणी गेलं कुठं, हे त्याला कळेना. तो दर फर्लांगाला खिडकीतून मान बाहेर काढून वास घेई.

"पुढं पाहा," कौशल्याबाई म्हणे.

पिंपरखेडच्या शिवेवर फाटकन आवाज झाला आणि काचेवर वाफेचा लोट आला. रेडिएटरची खालची रबरी नळी उभी फाटली होती. पिंपरखेड म्हणजे कौशल्याबाईचं माहेर. नांदुरा तिथून दोन कोस. सूर्य डोक्यावर यायचा होता.

नळी सांधायला इंद्रभानाला अर्धा तास लागला. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून वरून तार आवळली, काम पक्कं झालं. तोवर कौशल्याबाईनं करंड्या उतरवून निंबाच्या सावलीत ठेवल्या, त्यांवर ओलं पोतं पसरलं. आता फक्त पाणी हवं होतं. पानाचा डबा अर्धा उरला होता आणि तो ती देणार नव्हती. रस्त्याला लागूनच गावची विहीर होती. निवृत्ती नावाचा गडी तिथं रिकाम्या गाडीचे बैल पाजत होता. त्यानं दोघांना ओळखलं आणि हात जोडले. "राम राम, जवाईबुवा! कौसल्याबाई, उतरा ना गावात."

कौशल्याबाई त्याच्याच हातची बादली घेऊन मोटरीकडे आली. इंद्रभानानं रेडिएटरच्या तोंडावर पंजा ठेवला.

"खारं नाई."

"दोन कोसाचा तं सवाल हाये. आज खारं टाका, घरी गेल्यावर धुऊन काढा."

"मिस्त्रीनं काय सांगतलं?"

"मिस्त्रीच्या घरी बारा करंड्या सुकून नाई राह्यल्या," कौशल्याबाई म्हणाली आणि तिनं बादली उचलली.

इंद्रभान आधीच उन्हानं आणि काळजीनं पेटला होता. त्याचं तोंड सुटलं. "तुह्या माहेरचं पानी जनावर तोंडात घेत नाई! ते माह्या मोटरीत नाई जानार."

निवृत्तीचे दोन्ही बैल त्याच वेळी डोणीत तोंड घालून घटाघटा पीत होते. निवृत्तीनं मान फिरवली. कौशल्याबाईनं बादली खाली ठेवली, सावकाश, थेंब न सांडता. मग ती वळली आणि करंड्यांवरच्या पोत्यावर पाणी शिंपडू लागली. आपण चुकलो हे त्याला तिथंच कळलं, पण कळलेलं तोंडावर यायला त्याला नेहमीच वेळ लागे.

"गोडं पानी कोठी भेटन?" त्यानं निवृत्तीला विचारलं.

"झिऱ्यावर. वाघूळच्या नाल्यात. कोसभर हाये."

"तीनच्या आत येतो," असं कुणालाच न सांगितल्यासारखं सांगून तो पट्ट्याचा डबा घेऊन निघाला. अर्धी वाट तो पळालाच.

झिऱ्यावर सहा बाया बसलेल्या. नाल्याच्या वाळूत हातभर खड्डा, त्यात करवंटीभर पाणी साठलं की उपसायचं आणि पुन्हा साठायची वाट बघायची. इंद्रभान उभा राहिला, बसला, परत उठला. एका घागरीला किती करवंट्या लागतात ते त्यानं मोजलं आणि सूर्याकडे पाहिलं. चारची गाडी काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती.

झुंबरबाई नावाच्या म्हातारीनं त्याला निरखून पाहिलं. "रुखमाबाईचे जवाई ना तुमी? या, माह्या नंबरात भरा. आज मुक्काम हाये का सासुरवाडीले?"

"नाई."

"म्हून रुखमाबाई आज दिसली नाई. तुमी येनार असले का ते पाह्यटी पयला नंबर लावते न."

"माह्यासाठी?"

"तं काय! जवायाले खारं पाजते का कोनी? चौदा वर्सात आमच्या विहिरीचं पानी तुमच्या ओठाले लागू देलं नाई तिनं."

इंद्रभान वाळूकडे बघत राहिला. सासुरवाडीला पाय ठेवला की समोर तांब्या येई, थंडगार आणि गोड. त्यातल्या अर्ध्या पाण्यानं तो पायही धुवायचा. खारपाणपट्ट्याच्या गोष्टी लोक वाढवून सांगतात, असं तो सायखेडात चारचौघांत म्हणायचा. कौशल्याबाई तेव्हा ऐकत असायची. त्याला आता कुणी धरणी दुभंगून दिली असती तर तो आत गेला असता.

भरलेला डबा त्यानं खांद्यावर घेतला. खांदा सोलला तेव्हा डोक्यावर घेतला. धोतराचं चुंबळ सारखं सरके, पाणी मानेवरून ओघळे. चार ठिकाणी त्याला डबा खाली ठेवावा लागला. तो अडतीस वर्षांचा होता, आणि सासू साठीची.

निंबाखाली पोचला तेव्हा सावली पार पलीकडे सरकली होती. करंड्या नव्हत्या. कौशल्याबाई नव्हती. मोटर दार उघडं टाकून एकटी उभी होती आणि धुळीत बैलगाडीच्या चाकोऱ्या नांदुऱ्याच्या दिशेनं गेल्या होत्या.

त्यानं पाणी ओतलं, हँडल मारलं, आणि रिकामी मोटर धडधडवत स्टेशनावर आणली. फलाटाच्या टोकाला धूर दिसत होता. गाडी नुकतीच सुटली होती.

वामनराव हमालांशी बोलत उभे होते. "आलात? चढलं तुमचं पान. बाईंनी सोपटं उलगडून दाखवली, एक पान मेलेलं नाही. मळा पक्का, मी शब्द पाळतो." मग ते चष्म्यावरून मोटरीकडे बघत म्हणाले, "पण इंद्रभानजी, ही कशाला घेतली म्हणालात?"

इंद्रभान वळून बाहेर आला. स्टेशनाबाहेर निवृत्तीच्या रिकाम्या गाडीत कौशल्याबाई बसली होती. तिचं लुगडं धुळीनं भरलं होतं.

"चाल, मोटरीत बस," तो म्हणाला.

"तुमी व्हा पुढं. निवरत्तीभाऊच्या गाडीनं येतो मी." आवाजात राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणूनच तो घाबरला.

पुढं कसा जाणार? बैलगाडी निघाली आणि तिच्यामागं इंद्रभानानं मोटर घातली, पहिल्या गियरात, बैलांच्या चालीनं. ज्याला घास गिळेपर्यंत दम निघत नसे तो माणूस दोन कोस बैलांच्या शेपट्या बघत चालला. कौशल्याबाई त्याच्याकडे तोंड करून बसली होती, पण बघत होती वर, आभाळाकडे. वाऱ्याशिवाय, त्या चालीनं, कुठलंही इंजिन तापणारच. तापलं. पिंपरखेडची विहीर शंभर पावलांवर राहिली आणि पुन्हा वाफ निघाली.

बैलगाडी थांबली. इंद्रभान उतरला. निवृत्तीनं सवयीनं विचारलं, "झिऱ्यावर जाता का, जवाईबुवा?"

"नाई. बादली द्या."

त्यानं विहिरीतून बादली शेंदली. मोटरीकडे वळण्याआधी ती काठावर टेकवली, ओंजळ भरली आणि प्याला. जीभ आकसली, घसा नको म्हणाला. त्यानं दुसरी ओंजळ घेतली आणि तीही प्याला. डोळ्यांत पाणी आलं ते खारेपणानं नव्हतं, आणि ते त्यानं लपवलंही नाही. कौशल्याबाई आता आभाळाकडे बघत नव्हती.

वाफ निवेपर्यंत तो थांबला. मग इंजिन चालू ठेवून बारीक धारेनं बादली रेडिएटरमध्ये ओतली.

"घरी गेल्यावर दोनदा धुवा लागन," मागून कौशल्याबाईचा आवाज आला. ती गाडीतून उतरून उभी होती.

"धुतो." तो थांबला. "आधी तुह्या मायकडं जाऊ. मायले सांग, आजपासून मले तुमच्या विहिरीचंच पानी दे म्हनाव. झिऱ्यावर जाऊ नोको म्हनाव."

कौशल्याबाईनं निवृत्तीला पुढं व्हायला सांगितलं आणि मोटरीत चढून दार तारेनं बांधलं.

"सांगून पाह्यतो," ती म्हणाली. "पन माय नाई आयकनार."