बद्द ताशा

अंबादासने पान्याने ताशाचा शेवटचा नट आवळला, काडीने पानावर दोनदा टिचकी मारली, मान तिरकी करून ऐकलं आणि पुन्हा पाना उचलला.

"अरे, अजून किती आवळशील?" शेजारी कमरेला ढोल बांधत असलेला रुपेश म्हणाला. "फाटेल ना पान."

"बद्द वाजतोय."

"बद्द? माझ्या कानात सुई गेली आत्ता."

अंबादासने पाना पुन्हा नटाला लावला. गेल्या काही आठवड्यांत त्याने पान बदललं होतं, पुण्याहून येणाऱ्या एकाकडून नव्या काड्या मागवल्या होत्या, शारजाच्या दमट हवेला पोटभर शिव्या घालून झाल्या होत्या. ताशा बद्द तो बद्दच. त्याहून चमत्कारिक म्हणजे ते फक्त त्यालाच वाटत होतं.

इंडस्ट्रियल एरियातलं हे वर्कशॉप त्याचंच. आठवडाभर इथे एसीचे डक्ट बनत. पत्रा कापण्या-ठोकण्याच्या त्या गदारोळात माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलत. शनिवारी संध्याकाळी मशिनं बंद झाली, की पत्र्याचे ताव भिंतीला टेकवून मोठ्या माणसांचं ढोल-ताशा पथक तिथे सरावाला उभं राही. पथकातला पुढचा ताशा अंबादासचा. त्याने उचल घ्यायची आणि बाकीच्यांनी मागून यायचं, हे पथक निघालं त्या दिवसापासून ठरलेलं होतं. आपल्या धंद्याबद्दल कोणी वाईट बोललं तरी तो हसून सोडून देई, पण ताशाबद्दल एक शब्द ऐकून घेत नसे. इतकी वर्षं तशी वेळही आली नव्हती.

यंदा आली. गणपतीच्या कार्यक्रमात तिथल्या मराठी मंडळाने मोठ्या पथकाला आणि मुलांच्या पथकाला मिळून एकच वेळ दिली. हॉटेलचा हॉल, मोजकी परवानगी, दोन-दोन वादनं परवडणार नाहीत, काय ते एकत्र करा.

झालं, तेव्हापासून दोन्हीकडे तोंडं वाकडी. मोठ्यांच्या मते मुलांचं पथक म्हणजे शाळेची कवायत. येताना पाण्याच्या बाटल्या, मनगटावर घड्याळं, इंग्रजीत आकडे मोजायचे आणि प्रत्येक ठोक्याला सगळ्यांचे हात एकदम डोक्याच्या वर. मुलांच्या मते मोठं पथक म्हणजे 'अंकल बँड'. उशिरा यायचं, आधी पोहे खायचे, मग फेट्यातले फोटो काढायचे आणि उरलेल्या वेळात वाजवायचं. दोन्ही बाजूंचं म्हणणं थोडंथोडं खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायची काही सोय नव्हती.

बाहेर गाडी थांबली आणि मुलं रांगेने आत आली. मागून मुग्धा. अबूधाबीहून, अल रीम आयलंडवरून, बँकेतली नोकरी सांभाळून ती दर शनिवारी इतक्या लांब येत असे. मुलांचं पथक तिनेच उभं केलं होतं.

"अंबादासदादा, यल्ला, सुरू करू या? मुलांना परत सोडायचंय."

"आमचे पोहे व्हायचेत," रुपेश म्हणाला. मुलांतलं कोणीतरी खुसखुसलं.

वादन सुरू झालं. ढोलांचं जमत होतं, प्रश्न तिथे नव्हताच. मधोमध ढोल थांबत आणि सवाल-जवाब होई. मुलांकडून शुभ्रा नावाची पंधरा वर्षांची मुलगी ताशावर एक बोल टाकायची, मोठ्यांकडून अंबादासने त्याला उत्तर द्यायचं. दुसऱ्याचा ताशा ऐकून वाजवायची त्याला सवय नव्हती, तरी त्याने ते निभावून नेलं. पण आपण नक्की काय केलं ते त्याला सांगता आलं नसतं. मुलीचा ताशा लांबून कुठूनतरी आल्यासारखा वाटे, तरी तिचा बोल संपला की त्याचा हात अचूक पडे. पोरगी चांगली वाजवत होती. ते मान्य करताना त्याला बरंही वाटत होतं आणि रागही येत होता. आणि ते हात! दर ठोक्याला काड्या कपाळाच्या वर नेऊन मग खाली आणायच्या. ताशा वाजवायचा असतो की ओवाळायचा असतो?

विश्रांतीत तो मुग्धाकडे गेला.

"मुग्धा, एक सांगू? ते हात उंच नेणं बंद कर. नाटकी वाटतं. ताशा मनगटात असतो."

"सवय आहे हो त्यांची, दादा. पहिल्यापासूनची."

"मग मोडा की. एकत्र वाजवायचं तर एकसारखं दिसायला नको?"

मोठ्यांपैकी चार-पाच जणांनी माना डोलावल्या. रुपेश म्हणाला, "नाहीतर आम्हाला पण पाण्याच्या बाटल्या द्या." सगळे हसले. मुग्धाला वाद घालायचा होता असं दिसलं, पण तिने नुसतं शुभ्राला बोलावून सांगितलं.

शुभ्राने अंबादासकडे पाहिलं. "आर यू शुअर, काका?"

हल्लीची मुलं, अंबादासच्या मनात आलं. सांगितलेलं ऐकायच्या आधी उलटतपासणी. "शंभर टक्के," तो म्हणाला.

"ओके," ती म्हणाली, पण लगेच गेली नाही. काही बोलायचं असल्यासारखी क्षणभर उभी राहिली आणि मग आपल्या रांगेत गेली.

घरी आल्यावर त्याने ताशा डायनिंग टेबलावर ठेवला. शालिनी स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, तो मायक्रोवेव्ह केव्हाचा बोंबलतोय. बंद करा की."

"कुठे?"

ती बाहेर आली. टेबलाला लागूनच मायक्रोवेव्ह होता. तिने त्याचं बटण दाबलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "कुठे काय? तुमच्या कानाशी."

"माझं लक्ष नव्हतं," अंबादास म्हणाला. त्याचं लक्ष होतं. तो काही एक न करता तिथे बसला होता. मायक्रोवेव्ह बिघडला असेल, असाही एक विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि आपल्याला हा विचार का सुचावा, हे त्याला कळेना.

पुढच्या शनिवारी शेवटचा सराव होता. मुलांनी सांगितलेलं पाळलं होतं. हात छातीच्या वर जात नव्हते. मोठे खूश होते. ढोल थांबले, शुभ्राने कोपर अंगाशी धरून सवाल टाकला आणि अंबादास तिच्या बोलाच्या मधेच घुसला.

"सॉरी, सॉरी. पुन्हा."

पुन्हा तिने बोल टाकला. या वेळी तो वाट पाहत राहिला. तिचा बोल संपून गेला होता, सगळं वर्कशॉप शांत उभं होतं आणि तो काड्या धरून थांबला होता. मुलांमध्ये हसू फुटलं आणि मुग्धाने डोळे वटारल्यावर दबलं.

अंबादासला काही उमगेना. मागच्या शनिवारी जमलेलं या शनिवारी कुठे गेलं? मुलगी मुद्दाम करतेय का? की आपणच सवाल विसरलो?

"जरा मोकळ्या हाताने वाजव ना गं," तो म्हणाला. "आवाजच येत नाहीये."

शुभ्राने मुग्धाकडे पाहिलं, मग ताशावर वाकून जीव खाऊन वाजवलं. अंबादासने तिच्याकडे नाही, समोरच्या लोकांकडे पाहिलं. रुपेशने डोळे मिटून घेतले. ढोलावरच्या एका बाईने कानावर हात ठेवले. शटरबाहेरून जाणारा एक माणूस थबकून आत डोकावला. आणि अंबादासपर्यंत पोचली ती जाड काचेपलीकडे कोणी तांदूळ सांडावेत तशी नुसती सळसळ.

ताशाला काही झालेलं नव्हतं. ताशाला कधीच काही झालेलं नव्हतं.

मुग्धाने विश्रांती दिली, तशी मुलं मागे निघून गेली. रुपेश जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "आपण असं करू. सवाल-जवाब काढून टाकू. किंवा मागच्या ताशावरच्या रोनितला उभा कर. तरुण आहे, सांभाळून नेईल. तू बस जरा यंदा."

रुपेशने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं, आणि त्याचंच अंबादासला जास्त लागलं. "पाणी पिऊन येतो," तो म्हणाला आणि मागच्या गोडाऊनकडे गेला. उद्या पुढचा ताशा दुसऱ्या कोणाच्या गळ्यात असेल. आपण फेटा बांधून कडेला उभे राहू आणि लोक विचारतील, दादा, यंदा वाजवत नाही? त्याने ग्लास भरला आणि न पिता तसाच ठेवला.

नजरेच्या कडेला काहीतरी हललं म्हणून त्याने वळून पाहिलं. मुलांनी विश्रांतीत गोडाऊनचा ताबा घेतला होता. डक्टवर गुंडाळायच्या काळ्या रबराच्या गुंडाळ्या मांडीत घेऊन ती गोल बसली होती आणि त्यांच्यावर काड्या मारत होती. आवाज असा नव्हताच. प्रत्येकाची नजर समोरच्याच्या हातावर. हात कपाळाच्या वर जात होते, एका क्षणाला थांबत होते आणि सगळे मिळून खाली येत होते. कोणी कोणाला ऐकत नव्हतं आणि कोणी चुकत नव्हतं.

त्याला पाहताच हात थांबले.

"सॉरी, काका," शुभ्रा म्हणाली. "इथे तरी अलाउड आहे ना? हँड्स वर?"

"हे काय करताय तुम्ही?"

"प्रॅक्टिस. घरी वाजवता येत नाही ना. नेबर्स कम्प्लेन करतात, मग सिक्युरिटी येतो. सो वी प्ले ऑन पिलोज. सगळे व्हिडिओ कॉलवर, पण म्यूटवर. साउंड लेट येतो ना, मग सगळं मेस होतं. म्हणून फक्त बघायचं. हात वर गेला की कळतं."

"कायम असंच?"

"ऑलवेज. मुग्धामावशीने तसंच शिकवलं."

अंबादास रबराच्या एका गुंडाळीवर बसला. इतक्या महिन्यांत आपण यांना नाटकी म्हणालो, कवायतवाले म्हणालो, आणि हे का असं वाजवतात ते एकदाही विचारलं नाही. पण त्याला खरा प्रश्न दुसराच छळत होता, आणि तो एका पंधरा वर्षांच्या मुलीला विचारायची लाज वाटत होती. शेवटी त्याने विचारलाच.

"मागच्या वेळी माझं जमलं. आज का नाही जमलं गं?"

शुभ्राने हातातल्या काड्या जुळवल्या. उत्तर तिच्याजवळ तयार होतं, फक्त द्यावं की नाही हे ठरत नव्हतं.

"तुम्ही माझ्या हँड्सकडे बघता, काका. फर्स्ट डेपासून. आय थॉट, तुम्हाला ते हेल्प होतंय. म्हणून मी जास्तच वर घेत होते."

"मग मी बंद करायला सांगितलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"मी विचारलं ना. आर यू शुअर म्हणून."

अंबादासला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. कुठल्याला वाट करून द्यावी हे न कळून तो नुसताच घसा खाकरत राहिला. मग त्याने एक गुंडाळी मांडीवर ओढली आणि खिशातून काड्या काढल्या.

"टाक सवाल."

तिने हात वर नेले. त्याने पाहिलं. या वेळी चोरून नाही, सरळ पाहिलं. काड्या कपाळाशी थांबल्या, खाली आल्या, बोल फिरला, संपला. अंबादासच्या काड्या रबरावर नेमक्या जागी पडल्या. गोडाऊनमध्ये काहीही ऐकू आलं नाही. मुलांतल्या कोणीतरी म्हटलं, "नाइस."

आत परतल्यावर तो मुग्धापाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "मुलांना हात वर घेऊ दे. माझं चुकलं."

मोठ्यांच्या रांगेत कुजबुज झाली. "आता हे काय नवीन?" "गेल्या आठवड्यात तर म्हणत होता..." अंबादासने कोणाकडे पाहिलं नाही. ताशा गळ्यात अडकवून तो आपल्या रांगेपुढून निघाला आणि शुभ्राच्या थेट समोर, तिचे हात दिसतील असा उभा राहिला. मागे रुपेश काय म्हणेल, रोनितला बोलावेल का, त्याला काही सांगता येत नव्हतं. खरं काय ते रुपेशला सांगायला हवं होतं, पण इतक्या लोकांत ते तोंडातून निघेना.

ढोल उठले. ते त्याला पोटात स्पष्ट ऐकू येत होते, देवाची कृपा. मग ढोल थांबले, शुभ्राचे हात वर गेले, सवाल आला. त्याने जवाब दिला. दुसरा आला, त्याने तोही परतवला. तिसऱ्याला ती गालात हसली आणि तिने चाल बदलली, तरी तो चुकला नाही.

पुन्हा ढोल सुरू व्हायचे होते. सवयीने त्याने आपल्या पथकाकडे मान वळवली. सगळ्यांचे हात नेहमीसारखे कमरेशी होते. फक्त रुपेश रांग सोडून, त्याला नीट दिसेल अशा बेताने पुढे सरकून उभा होता, आणि त्याच्या हातातलं ढोलाचं टिपरू थेट डोक्याच्या वर गेलं होतं, कवायतवाल्यांसारखं. ते तिथे थांबलं, अंबादासने पाहिलं याची खात्री झाली, आणि मगच खाली आलं.

वादन संपल्यावर रुपेश कमरेचा ढोल सोडत होता, तेव्हा अंबादास त्याच्याजवळ गेला.

"हे काय चाललं होतं तुझं?"

"कुठे काय?" रुपेशने गाठ सोडण्यात डोकं घातलं. मग काहीतरी आठवल्यासारखी त्याने मान वर केली, अंबादासकडे तोंड करून उभा राहिला आणि एकेक शब्द सावकाश म्हणाला, "खांदा धरलाय. मोकळा करतोय."