निळा रंग फोटोत छान येतो

वास ओढणं हा माझा जन्माचा धंदा आहे. त्यामुळे माणसांविषयी माझं मत फारसं बरं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी फ्यूम हूड. रसायनशाळेत भिंतीला टेकून उभं असतं ना, वर-खाली सरकणाऱ्या काचेचं आणि डोक्यावर पंख्याचं नळकांडं असलेलं मोठं कपाट, तोच मी. माझ्या पोटात विषारी प्रयोग करायचे, काच खाली ओढायची आणि मी त्या वाफा छपरावर नेऊन सोडायच्या. लखनौच्या एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात मी उभा आहे. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. विभागाला अब्रू आहे असा तिथल्या लोकांचा समज आहे, तो मोडायचं पाप मी कशाला घेऊ?

फरीदाबादच्या एका कारखान्यात मला घडवलं. आमच्यासारख्यांनी अशा वेळी प्रेमळ कारागिराची आठवण काढायची असते, पण माझ्या वाट्याला तसा कोणी आला नाही. ठोकलं, रंगवलं, ट्रकवर चढवलं. इथे पोचलो तर प्रयोगशाळेचं दार माझ्यापेक्षा अरुंद निघालं. एवढे डॉक्टरेट मिळवलेले लोक, पण दार आधी मोजून बघावं असं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. चौकट फोडून मला आत घेतलं. माझ्या काचेला लाल फीत बांधली, पाहुण्यांनी ती कापली, टाळ्या झाल्या. पंख्याला वीज जोडायची राहिली होती, ते पुढच्या सत्रात कोणाच्या तरी लक्षात आलं.

वीज आली, पण सुख आलं नाही. माझ्या भिंतीपलीकडे विभागप्रमुखांची खोली आहे. प्रोफेसर गजेंद्र श्रीवास्तव. माझा पंखा लागला की त्यांच्या खोलीत घरघर ऐकू जाते आणि त्यांचं ध्यान विचलित होतं. कसलं ध्यान, ते विचारू नका. तेव्हापासून मी बहुतेक वेळ बंद. मुलं बिचारी उघड्या बाकावर वाफा हुंगत काम करतात आणि माझ्या पोटात सत्काराचे गुच्छ, मानचिन्हं आणि ओल्या छत्र्या विसावतात. थंडीत चौक बाजारातून मक्खन मलाईचे, म्हणजे दुधाच्या गोड फेसाचे, द्रोण येतात, तेही माझ्यातच गार राहतात म्हणून ठेवतात. फ्रिजमध्ये रसायनं भरलेली असतात. रसायनशास्त्राचे प्राध्यापक जिथे काल बेंझीनची बाटली सांडली तिथली मलाई बोटं चाटून खातात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

या लोकांची खरी आवड संशोधनाची नाही, बातमीची आहे. वेबसाइटवर ‘विभाग समाचार’ नावाचं पान आहे, आणि ते सांभाळतो डॉक्टर विक्रम पांडे. तरुण माणूस, केस व्यवस्थित, हातात कायम फोन. कोणी घरबसल्या वेबिनार ऐकला, बातमी. कोणी कुंडीत रोप लावलं, बातमी. हेडसाहेबांना शाल मिळाली तर दोन बातम्या, एक शाल येण्याची आणि एक शाल आल्याबद्दल विभागाने केलेल्या अभिनंदनाची. फोटोत कोण मधे उभं राहिलं आणि कोणाला कडेला ढकललं, यावरून चहाच्या वेळी आठवडाभर तोंडं फुगलेली असतात.

प्रयोगशाळेचा फोटो काढायची विक्रमची रीत ठरलेली. खऱ्या प्रयोगातली बहुतेक द्रावणं पाण्यासारखी बिनरंगी असतात, ती फोटोत दिसत नाहीत. म्हणून तो तीन चंबूंत रंग भरतो: एकात नारिंगी, एकात जांभळा, आणि एकात मोरचूद घालून झकास निळा. चंबूमागे कोणीतरी कोणाचा तरी ॲप्रन घालून डोळे बारीक करून उभं राहायचं. झालं संशोधन.

या गोतावळ्यात दोन मराठी माणसं होती. डॉक्टर मालिनी कुलकर्णी, मूळच्या सोलापूरच्या, इथे नोकरीत केस पांढरे झालेल्या. आणि त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी मुक्ता. मुक्ताचे वडील बँकेत, घर सरोजिनी नगरला. ती लखनौतच वाढली, त्यामुळे मॅडम मराठीत बोलायच्या आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. मॅडमना मराठीचा फार उपयोग व्हायचा. कोणाची उणीदुणी काढायची असली, हेडना नावं ठेवायची असली, की त्या चारचौघांत बिनदिक्कत मराठीत बोलायच्या. इथे कोणाला कळणार? बाकी मॅडम म्हणजे सही करणारा हात. चंबू त्यांनी शेवटचा कधी धुतला होता, ते त्यांनाही आठवलं नसतं. मी त्यांना बाकीच्यांच्या रांगेतच धरत होतो.

मुक्ताला मात्र नावं ठेवायला मला जागा सापडली नाही. तिने एक नवा पदार्थ बनवला होता. कित्येक वर्षं खपून चिमूटभर. तो खरोखर तोच आहे हे सिद्ध करायला त्याचा एक धड स्फटिक हवा होता. स्फटिक दुसऱ्या संस्थेतल्या क्ष-किरणांच्या यंत्रावर ठेवला, की आतली रचना कळते आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उभं राहतं. स्फटिक नाही, तर प्रकरण नाही. शिष्यवृत्ती संपत आली होती आणि घरी लग्नाची बोलणी दारात उभी होती.

तिने सगळीच्या सगळी चिमूट एका बीकरमध्ये विरघळवली, वर बारीक भोकं पाडलेला कागद बांधला, आणि बीकर माझ्या आतल्या कोपऱ्यात ठेवून दिला. आता त्यातला द्रव हळूहळू उडून जायचा आणि तळाशी स्फटिक धरायचा. यात करण्यासारखं एकच असतं, काही न करणं. हलवायचं नाही, ढवळायचं नाही, उघडायचंही नाही. हेडसाहेब कामावर नसत तेव्हा ती माझा पंखा मंद लावायची. काचेवर तिने हिंदीत आणि इंग्रजीत चिठ्ठी चिकटवली होती, हात लावू नये म्हणून. काही दिवसांनी तळाशी कण दिसायला लागले. ती रोज येऊन माझ्या काचेला नाक लावून बघायची आणि निघून जायची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला माझ्या कामासाठी वापरत होतं. मला बरं वाटलं, ते मी लपवत नाही.

मग विभागाची पाहणी करायला समिती येणार अशी खबर आली आणि सगळ्यांच्या अंगात आलं. भिंती रंगल्या, कुंड्या उसन्या आल्या. माझ्या पोटातले गुच्छ आणि छत्र्या एका रात्रीत कुठेतरी गडप झाल्या. आदल्या संध्याकाळी मुक्ता घरी गेल्यावर विक्रम माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने मला निरखलं, फोनमधून निरखलं, आणि त्याचं समाधान झालं नाही. चिठ्ठी फोटोत वाईट दिसत होती, ती त्याने नखाने खरवडून काढली. कोपऱ्यातला बीकर त्याला पाण्याचा वाटला. रसायनशास्त्राचा डॉक्टर, स्फटिकांवर तास घेणारा माणूस, भोकं पाडलेला कागद बघतो आणि त्याला पाणी दिसतं. त्याने कागद काढला, मोरचुदाचं द्रावण ओतलं, काचेच्या कांडीने घोटलं, आणि बीकर पुढे आणून मधोमध ठेवला.

तळाशी धरलेले कण विरले. मुक्ताचा पदार्थ तांब्याला घट्ट चिकटणारा, आणि मोरचुदात तांबंच असतं. तो जन्मभराचा चिकटला आणि थोडा गढूळ गाळ होऊन खाली बसला. वर मात्र सुरेख निळं. विक्रमने फोटो काढला, हेडना पाठवला, आणि शीळ घालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलींना फाटकावर गुलाब घेऊन उभं केलं होतं, त्यामुळे मुक्ता आत आली ती समितीच्या मागून, हातात रिकामं तबक घेऊन. समितीचे अध्यक्ष डॉक्टर निरंजन राव. दिल्लीहून आलेले, दिवसभर इंग्रजी बोलणारे. राव म्हणजे दक्षिणेकडचे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. गजेंद्रसाहेबांनी माझी काच वर सरकवली, तो बीकर उचलला, उजेडात धरून दोनदा गरगर फिरवला आणि सांगितलं, की आमच्या विद्यार्थिनीने हे अगदी नवं संयुग तयार केलं आहे आणि हे त्याचे स्फटिक वाढत आहेत.

मुक्ताने बीकर ओळखला. त्याच्या कडेला एक टवका उडालेला होता. तिने हातातलं तबक बाकावर ठेवलं आणि ती हळूच म्हणाली, “मैम, यह मेरा वाला है.”

मालिनी मॅडमनी गाळ बघितला, निळा रंग बघितला. काय झालं ते त्यांना एका नजरेत कळलं. तरी त्या चेहरा हसरा ठेवून, नेहमीसारख्या बिनधास्त मराठीत म्हणाल्या, “मुक्ता, आत्ता एक अक्षर बोलू नकोस. तुझ्या प्रबंधावर बीकर धरलेल्या याच माणसाची सही लागणार आहे. गेलं ते गेलं.”

राव वळले. स्वच्छ मराठीत, आवाज न चढवता, त्यांनी मुक्ताला सांगितलं, “मॅडमचं ऐक, बाळ. निळा रंग फोटोत छान येतो.”

मॅडमचा चेहरा एकदम उतरला. हा माणूस मराठी होता. त्याला सगळं कळलं होतं. मुळात रसायनशास्त्रज्ञ असल्याने बीकर बघूनच कळलं असणार. आणि तरी तो हसत होता. माझ्या काचेत मॅडमना स्वतःचा चेहरा दिसत होता आणि त्याच्या शेजारी त्याचा. स्वतःचाच सल्ला दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की तो कसा वाटतो, हे त्यांना त्या क्षणी समजलं. मी त्यांना ओळखत होतो, म्हणून पुढे जे झालं त्याची मला अपेक्षा नव्हती.

मॅडम सगळ्यांना कळेल अशा हिंदीत, मोरचुदाचं नाव घेऊन, म्हणाल्या, “सर, यह नीला थोथा है. इस बच्ची का क्रिस्टल इसी बीकर में था. कल शाम तक था.”

विक्रम फोनमध्ये काहीतरी शोधायला लागला. मग गजेंद्रसाहेब मोठ्याने हसले, मैडम बहुत मज़ाकिया हैं म्हणाले, आणि चहा निवतोय म्हणून सगळ्यांना बाहेर घेऊन गेले. समितीही शेपटासारखी त्यांच्यामागून गेली. जाताना राव मॅडमकडे बघायचं टाळत होते. मागे त्या दोघी राहिल्या. मुक्ता बाकावर डोकं ठेवून रडली आणि मॅडम तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हे न सुचून नुसत्या उभ्या राहिल्या.

समितीने विभागाची तारीफ केली. विक्रमच्या पानावर फोटो आला, त्यात हेड, राव आणि निळा बीकर. मॅडमचा खांदा तेवढा कडेला राहिला होता, तोही त्याने कापला. तो बीकर आता हेडसाहेबांच्या खोलीत काचेच्या पेटीत आहे, खाली पितळी पाटी. येणारे-जाणारे वाकून बघतात आणि वाहवा करतात. या इमारतीत मोरचुदाला पाटी मिळते. मॅडमना मिळाल्या परीक्षेच्या सगळ्या ड्यूट्या आणि उन्हाच्या बाजूची खोली. चहाच्या वेळी त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. माणसं किती पटकन सरकून बसतात, ते बघण्यासारखं असतं.

पण एक झालं. दुसऱ्या आठवड्यात मॅडम ॲप्रन घालून माझ्यासमोर आल्या. ॲप्रनला घडीच्या रेषा पडलेल्या होत्या. मुक्ताबरोबर त्यांनी पहिल्या पायरीपासून सगळं पुन्हा करायला घेतलं. सुरुवातीला त्यांच्या हातून चंबू फुटायचे, मुक्ता निमूट काच गोळा करायची. माझा पंखा त्यांनी दिवसाढवळ्या लावला. पलीकडून शिपाई आला, साहेबांना त्रास होतोय म्हणाला. साहेबांना सांग, मला श्वास घ्यायचाय, असं मॅडमनी त्याला सांगितलं. तेव्हापासून मी चालू आहे. उन्हाळा आला, लूचे भाजणारे वारे सुटले, त्या दोघी घामाने निथळत उभ्या राहिल्या आणि शेवटी पुन्हा एक चिमूट जमली.

परवा मुक्ताने नवा बीकर माझ्या कोपऱ्यात ठेवला. बिनरंगी, वर भोकांचा कागद. चिठ्ठी या खेपेला तिने लावली नाही. उलट विक्रमच्या कपाटातून तिने तीन चंबू आणले, नारिंगी, जांभळा, निळा, आणि माझ्या काचेलगत ओळीने मांडून ठेवले. मॅडम आधी बघत राहिल्या, मग खूप दिवसांनी हसल्या. काल विक्रम आला. चंबू बघून खूश झाला, फोटो काढला आणि कशालाही हात न लावता निघून गेला. आज तो फोटो पानावर आहे, ‘शोधकार्य में लीन विभाग’ म्हणून.

आज सकाळी निळ्या चंबूच्या मागे, बीकरच्या तळाशी, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी चमकलं. कडा सरळ आहेत. मॅडम बघायला इतक्या वाकल्या की त्यांचा हात माझ्या कडेवर टेकला. तेव्हा मुक्ता, जन्मभर हिंदीत उत्तर देणारी, मराठीत म्हणाली, “हळू, मॅडम. ते अजून वाढतंय.”

माझं आता वय झालंय. पंख्याचा पट्टा कुरकुरतो, आणि माझ्या जागी विभागाच्या सन्मानचिन्हांचं कपाट बसवायचा ठराव झाला आहे, असं भिंतीपलीकडून ऐकतोय. खुशाल बसवा. यांना तेच शोभतं. फक्त ही कणी मोठी होऊन मुक्ताच्या हातून बाहेर जाईपर्यंत माझा पंखा चालू राहू द्या. आणि तुम्ही कधी विभाग बघायला आलात, तर तो पाटी लावलेला निळा बीकर बघा, पुढचे रंगीत चंबू बघा, हवे तेवढे फोटो काढा. माझ्या मागच्या कोपऱ्याला मात्र हात लावू नका.