खटका बसेना

मी एक जुना फ्रंट डिरेलर आहे. नावाला घाबरू नका, मित्रांनो. रेसच्या सायकलीला पेडलजवळ दोन दातेरी चकत्या असतात, एक लहान आणि एक मोठी. चढावर चेन लहान चकतीवर लागते, सपाट रस्त्यावर मोठीवर. तिला या चकतीवरून त्या चकतीवर ढकलणारा पत्र्याचा जो चिमटा असतो, तो मी. माझं काम एवढंच. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका यंत्राने मला कापलं, दुसऱ्याने वाकवलं. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्यात स्प्रिंग बसवली, मला दोनदा उघडून-मिटून पाहिलं आणि खोक्यात टाकलं. तेव्हा मला काही वाटलं नाही. पुढेही फार वाटलं असं म्हणवत नाही. धातूला जेवढं वाटतं, तेवढंच.

ज्या सायकलीवर मी बसलो, ती दोन बहिणींच्या घरी आली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आत शिरल्याशिरल्या अरुंद बोळ. त्या बोळात भिंतीला टेकून आमचा मुक्काम. सायकल थोरलीची. ती डेंटल लॅबमध्ये कवळ्या घडवायची. डाव्या हातात मेणाचा साचा धरायचा आणि उजव्या हाताने एकेक दात बसवायचा, हे काम ती बावीस वर्षं करत होती. धाकटी चपलांच्या दुकानात होती. तिला सायकलीतलं ओ की ठो कळत नसे. बोळातून जाताना पोटरीला ग्रीस लागलं की ती ओरडायची, "ताई, तुझ्या या घोड्याला एकदा आंघोळ घाल!"

थोरली रविवारी पहाटे निघायची ती थेट दुपारी परतायची. सहा वर्षं मी तिच्या डाव्या हाताच्या हुकमात होतो. मित्रांनो, पुढच्या गिअरचा खटका डाव्या बाजूला असतो. आमच्या सायकलीवर चेन मोठ्या चकतीवर चढवायची तर ब्रेकचाच दांडा बोटांनी आतल्या बाजूला लांबवर ढकलावा लागे. तिची बोटं ढकलत, तार ताणली जाई, मी सरकत असे. खट! चेन वर. दुकानातला मेकॅनिक एकदा म्हणाला होता, "बाई, याला हातसुद्धा लावू नका. असा गिअर नशिबाने मिळतो." माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच.

सातव्या वर्षी, थंडीत, खटका बसेनासा झाला. तार थोडी ताणली जाई. मी थोडा सरके. चेन मोठ्या चकतीच्या कडेला घासत राही, कर्रर्र, पण वर चढत नसे. थोरली दुसऱ्यांदा ढकले, तिसऱ्यांदा ढकले. कधी जमे, कधी नाही.

तिने दोष मला दिला. त्यात नवल नाही. चेन चढली नाही की कुणीही आधी माझ्याकडेच बघतो.

तिने मला घासून धुतलं, सांध्यांत तेल सोडलं. फरक पडला नाही. मग तिने नवी तार घातली. दोन महिन्यांनी आणखी एक. मग चेन बदलली. मेकॅनिककडे नेलं. त्याने सायकल स्टँडला टांगली, खटका दाबला, खट. परत दाबला, खट. "चांगला चालतोय की," तो म्हणाला. थोरली सायकल घेऊन घराकडे निघाली आणि कोपऱ्यावरच चेन घासायला लागली.

त्याच दिवसांत लॅबमध्ये तिच्या हातून एक तयार साचा पडून मोडला. मग दुसरा. हे तिने घरी सांगितलं नाही. बोळात माझ्यासमोर बसून ती एकटीच पुटपुटली, "दोन झाले." मी ऐकलं. मी काय करणार?

शेवटी तिने माझे स्क्रू फिरवायला घेतले. मला दोन स्क्रू आहेत. एक मला आत किती यायचं ते सांगतो, दुसरा बाहेर किती जायचं ते. बाहेरचा स्क्रू सैल केला तर मी जरा जास्त सरकेन आणि चेन आपसूक चढेल, असा तिचा हिशेब. तिने तो पूर्ण दोन फेरे सैल केला. दुसऱ्या दिवशी चौकाच्या अलीकडे तिने आख्ख्या तळव्याने दांडा रेटला. मी सरकलो. मला थांबवणारं काही उरलं नव्हतं. चेन मोठ्या चकतीवरून पार पलीकडे उडाली आणि पेडलच्या दांड्यात अडकली. थोरली आडवी झाली. मागचा टेम्पो वेळेवर थांबला म्हणून निभावलं.

गुडघा सोलवटून ती घरी आली. धाकटीने जखम धुतली आणि खडसावलं, "आता हे भूत दुरुस्त कर, नाहीतर भंगारात दे. मी समोर बसते. बघूच काय होतंय ते."

शनिवारची दुपार होती. गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला दोरी बांधून त्यांनी सीट टांगली, म्हणजे मागचं चाक अधांतरी राहिलं. खाली वर्तमानपत्र पसरलं. या वेळी थोरलीने घाई केली नाही. तिने तार सोडवली आणि मला मोकळं केलं. चेन पुढे लहान आणि मागे सगळ्यांत मोठ्या चकतीवर घेतली. मग कागदाची चौपदरी घडी मोठ्या चकतीच्या दातांवर ठेवून माझी उंची जुळवली. माझा पत्रा चकतीला समांतर आहे का ते वरून एक डोळा मिटून पाहिलं. आतला स्क्रू असा लावला की चेन मला शिवणार नाही, जेमतेम. तार पकडीने ताणून बोल्ट आवळताना पक्कड तिच्या हातून दोनदा सुटली. "मी धरते," असं म्हणत धाकटीने पक्कड घेतली. शेवटी बाहेरचा स्क्रू जागेवर आला. सगळं नीट होतं. मला माहीत होतं, तिने स्क्रू सैल करण्याआधीही ते नीटच होतं.

"तू पेडल फिरव, मी खटका दाबते," थोरली म्हणाली.

कर्रर्र. चेन चढली नाही.

"थांब, उलट करू. तू दाब. खाली काय होतंय ते मला बघू दे."

धाकटीने जन्मात पहिल्यांदा तो दांडा ढकलला. खट!

"झालं की!" ती हसली. "एवढ्याशा चिमट्यासाठी माझा आख्खा शनिवार खाल्लास."

"परत दाब."

थोरलीने चेन खाली घेतली. धाकटीने दाबलं. खट. आणखी एकदा. खट.

थोरली उठली. "आता मला दे."

कर्रर्र.

"जोर लाव ना, ताई."

"लावलाय."

"अगं, नीट लाव."

"लावलाय गं."

धाकटीने पेडल सोडलं. चाक आपोआप फिरत फिरत थांबलं. तिने थोरलीचा डावा हात ओढून उजेडात धरला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग आत गेला होता, कुणी बोट दाबून खळगा करावा तसा. शेजारी उजवा हात धरला. तो भरलेला होता.

"हे कधीपासून?"

"करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झोपलेलंच असतं. सवय झालीय."

"कधीपासून, विचारतेय मी."

"गेल्या थंडीपासून."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

थोरली हाताकडे बघत राहिली. तो दुसऱ्या कुणाचा असावा तशी. "मला वाटलं, गिअरच खराब आहे," ती म्हणाली.

धाकटीने दोरी सोडली आणि सायकल आत आणून भिंतीला लावली.

पुढचं मी बोळातून ऐकलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला होता, "कोपर टेकवून काम करता का?" बावीस वर्षं टेबलाच्या कडेवर टेकलेल्या त्या कोपरात एक नस दबली होती आणि तिच्यामागे बोटं एकेक करून सुस्तावत गेली होती. शस्त्रक्रिया करून नस मोकळी केली. "आठ महिने आधी आला असता तर," असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. ते आठ महिने थोरलीने तारा बदलण्यात घालवले होते.

हात अर्धा परत आला. करंगळी अजून झोपलेलीच आहे. लॅबमध्ये आता ती रंग जुळवायच्या टेबलावर बसते. कुणाच्या तोंडात कोणत्या छटेचा दात शोभेल, हे ती नजरेने ठरवते. साचे दुसरे लोक धरतात. त्याबद्दल ती तक्रार करत नाही, आनंदही दाखवत नाही. येते, जेवते, झोपते.

वसंतात तिने सायकल पुन्हा बाहेर काढली. पुढच्या दोन चकत्यांच्या जागी एकच मधल्या मापाची बसवली, म्हणजे डाव्या हाताला ब्रेकखेरीज काही करावं लागू नये. सायकल धाकटीने धरली, बोल्ट थोरलीने उजव्या हाताने पान्याने फिरवला. मी निघालो. माझं काम तिथे संपलं. वाईट वाटलं का? जागा रिकामी झाली, एवढं कळलं.

"हा टाकू का?" धाकटीने मला चिमटीत धरून विचारलं.

"नको. त्याचं काही चुकलं नव्हतं."

म्हणून मी गॅलरीतल्या फळीवर आहे. स्प्रिंग अजून ताठ आहे. रविवारी थोरली जाते. चढावर आता तिला उतरून चालावं लागतं, असं ती धाकटीला सांगते.

मित्रांनो, यंत्र बिघडलं की ते जरूर तपासा. त्याला पुसा, तेल द्या, स्क्रू बघा. पण एवढं करूनही भागलं नाही, तर ते चालवणाऱ्या माणसाकडेही एकदा वळून बघा. मी नुसता पत्रा आणि स्प्रिंग आहे. माझ्या जागी दुसरा बसवता येतो. तुमच्या घरात कुणाच्या हातून भांडं सुटत असेल, बटण लागत नसेल, किल्ली कुलपात फिरत नसेल, तर रागावण्याआधी तो हात आपल्या हातात घ्या आणि विचारा, कधीपासून?